टाचणात नसलेला प्रश्न

सोमवारी सकाळी अनुसयाबाईंच्या चौथीच्या वर्गातली सगळी पोरं टाचणात लिहिलं होतं तेवढंच बोलायला लागली.

टाचण म्हणजे उद्या काय शिकवायचं ते बाईंनी आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं. डावीकडच्या रकान्यात शिक्षक काय करणार, उजवीकडच्या रकान्यात विद्यार्थी काय बोलणार. आता पोरं उद्या काय बोलणार हे आदल्या दिवशी कुणाच्या बापाला माहीत असतं? पण रकाना आहे म्हटल्यावर तो भरायचा. अनुसयाबाई एकतीस वर्षं भरत होत्या. त्यातली शेवटची बारा वर्षं तर गेल्या सालच्या वहीतून जसंच्या तसं उतरवत होत्या. उजव्या रकान्यात सगळीकडे एकच ओळ असायची. "विद्यार्थी म्हणतील, समजलं बाई."

बाईंनी हजेरी घेतली. पहिल्या नंबरचा पोरगा उठून म्हणाला, "समजलं बाई." दुसराही तेच म्हणाला. मधल्या सुट्टीत एकाचा गुडघा फुटला. तो रक्त पुसत आला आणि शांतपणे म्हणाला, "समजलं बाई." खिचडी वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "अजून वाढू का?" सगळ्या रांगेनं ताटं पुढे केली. "समजलं बाई."

घरीही तसंच. पहिले दोन दिवस बऱ्याच आया खूश होत्या. दुकानदारानं आपली युक्ती काढली. बाटली घेऊन आलेल्या पोराला तेल द्यायचं, पिशवी घेऊन आलेल्याला साखर. एका घरात पोरगं आजोबांना "समजलं बाई" म्हणालं तेव्हा आजोबांनी काठी उचलली. पण पोरगं उभ्या जन्मात न दिसलेल्या आदरानं खाली मान घालून उभं होतं, म्हणून त्यांनी ती परत कोपऱ्यात ठेवली.

बोलली नाही ती एकटी कस्तुरी. कस्तुरी डोंबे, खिडकीजवळ बसणारी, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या असलेली. तिचा उजवा हात वर होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई बी रुजण्याचा पाठ घेत होत्या, तेव्हा तिनं तो वर केला होता. तेवढ्यात घंटा झाली. बाईंच्या पायात गोळे आले होते, एसटी चुकायची भीती होती. त्या म्हणाल्या होत्या, "सोमवारी विचार गं."

सोमवारच्या टाचणात कस्तुरीच्या प्रश्नाला जागा नव्हती. ती तोंड उघडत होती, पण आतून काही येत नव्हतं. हात मात्र तसाच वर होता, आणि तो हात तिला वर ओढत होता. सोमवारी तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या. मंगळवारी ती वीतभर वर होती. बुधवारी तिची आई शेवंता तिला ओढणीला बांधून शाळेत घेऊन आली.

"बाई, माझ्या पोरीला खाली उतरवा."

"बघते गं."

"बघू नका, उतरवा. तिच्या बापानं पाय धरून ओढली तिला. ती खाली यायची ऱ्हायली, तोच वर गेला."

"मग?"

"मग काय, हात सुटला. पडला. कंबर धरून बसलाय घरी."

अनुसयाबाईंनी वर बघितलं. कस्तुरीचा हात तुळईला टेकला होता. चेहरा मात्र शांत होता. खूप वेळ रांगेत उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा.

"शेवंता, शुक्रवारी काय विचारायचं होतं गं हिला?"

"तुम्ही विचारू दिलं असतं तर कळलं असतं न्हवं?"

शेवंता गेल्यावर बाईंनी टाचणवही काढली आणि उजव्या रकान्यात नवी ओळ लिहिली. "कस्तुरी प्रश्न विचारेल." शाई वाळायच्या आत वरून आवाज आला.

"प्रश्न," कस्तुरी म्हणाली.

बस. एवढंच. आणि पुन्हा तोंड मिटलं. बाईंनी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहून बघितलं. "कस्तुरी तिच्या मनातला प्रश्न विचारेल," असं लिहिलं तेव्हा ती म्हणाली, "तिच्या मनातला प्रश्न." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी खाली पडलं नाही, वर गेलं.

केंद्रप्रमुख शेळके सर त्याच दिवशी तपासणीला आले. दहा शाळा त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी वर्गाकडे बघितलं. पोरं एका सुरात म्हणाली, "समजलं बाई." सरांना आनंद झाला.

"काय शिस्त आहे, बाई! रिटायर व्हायच्या वर्षी काय वर्ग काढलात."

"सर, पोरगी वर चाललीय."

शेळके सरांनी मान मागे टाकली. "हो की. हे टाचणानं नाही व्हायचं. जुनी पद्धत आहे ती. उद्या तालुक्याला प्रशिक्षण आहे. पाठ कसा आखायचा याची तीन मॉडेलं आलीयत. तिन्हींची तुलना करायची, एक निवडायचं, सही करायची. मग पोरं त्या मॉडेलप्रमाणे."

"आणि ही?"

"ही पण त्या मॉडेलप्रमाणे. घेऊन या हिला. शैक्षणिक साहित्य म्हणून दाखवता येईल."

गुरुवारी बाईंनी ओढणीचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं, दुसरं कस्तुरीच्या, आणि एसटीत चढल्या. कस्तुरी सामानाच्या फळीवर पालथी पडून राहिली. कंडक्टरनं खालून विचारलं, "बाई, ही सीट की लगेज?"

"अर्धं तिकीट द्या आणि गप बसा," बाई म्हणाल्या.

पंचायत समितीच्या सभागृहात अनुसयाबाई धरून चाळीस शिक्षक बसले होते. प्रशिक्षण देणारे वैराळे साहेब गळ्यात ओळखपत्र घालून उभे होते, हातात मार्कर होता. आवाज गोड, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" म्हणायची सवय. त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि शेवटची सही झाली तशी दाराच्या जागी एक मोठा तक्ता दिसायला लागला. त्यावर तीन मॉडेलांचे तीन रकाने होते. दार कुठे गेलं असं कुणी विचारलं नाही.

"तक्ता पूर्ण झाला की त्याचं दार होतं," वैराळे साहेब म्हणाले. "चहा साडेअकराला. बाजूला तीन खोल्या आहेत, तीन मॉडेल. बघा, तुलना करा, टिक करा. जे टिक कराल त्यात तुमचा वर्ग कायमचा. बरोबर?"

"बरोबर," एकोणचाळीस जण म्हणाले.

पहिल्या खोलीत पाच पायऱ्या होत्या. प्रत्येकीवर रंगानं लिहिलं होतं. गरज ओळखा, आराखडा करा, साहित्य बनवा, शिकवा, तपासा. खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरच्या पायरीवर पाय पडत नव्हता. पडला तर पाय तिथेच राहायचा आणि माणूस खाली यायचा. पहिल्या पायरीवर शेजारच्या गावच्या शाळेतले भालेराव गुरुजी फॉर्म भरत बसले होते. दाढी छातीपर्यंत आली होती.

"गुरुजी, कधीपासून इथं?" बाईंनी विचारलं.

"गरज ओळखतोय," ते म्हणाले. "मुलांना नक्की कशाची गरज आहे ते एकदा पक्कं झालं की वर जाणार. घाई करून चालत नाही. पद्धत चांगली आहे हो. काहीच सुटत नाही यात."

"आणि तुमची पोरं?"

गुरुजींनी पेनानं वर दाखवलं. चौथ्या पायरीवर, 'शिकवा' लिहिलं होतं तिथं, तिसरीचा वर्ग पाट्या घेऊन बसला होता. सगळ्यांना मिशा आल्या होत्या. मागच्या रांगेतल्या एकीच्या मांडीवर बाळ होतं.

"थांबलीत बिचारी," गुरुजी म्हणाले. "गुणी वर्ग आहे."

कस्तुरीच्या गरजेचा फॉर्म अठ्ठावीस पानांचा होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'गरज असलेल्या व्यक्तीने यात काही लिहू नये.' बाईंनी फॉर्म गुरुजींच्या मांडीवर परत ठेवला.

दुसऱ्या खोलीत शिरताना टाळ्या झाल्या. इथे सगळं शेवटाकडून सुरू होत होतं. पोरांना आधी निकाल मिळाला, मग त्यांनी पेपर लिहिला, मग पेपरातले प्रश्न ठरले, आणि सगळ्यात शेवटी तिथल्या बाईंनी फळा पुसला तेव्हा त्यावर धडा उमटला. धडा संपला तशी पोरं रडत आईला बिलगली, शाळेच्या पहिल्या दिवशी बिलगतात तशी. आया त्यांना घेऊन गेल्या. सगळं नीटनेटकं होतं. कुणालाच काही अडत नव्हतं.

इथं आल्यावर कस्तुरी दोन वीत खाली आली. अनुसयाबाईंनी तिचा पाय धरला. गार पडला होता.

"बघा, उतरतेय," त्या खोलीतली बाई म्हणाली. तरुण होती, केसात अबोलीचा गजरा, हातात चिठ्ठ्यांचा डबा. "आमच्याकडे उत्तर आधी पक्कं असतं. म्हणजे पोरं भरकटत नाहीत. मग त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न मुलाला द्यायचा. त्यानं तो विचारला की हात खाली. ही घ्या."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बी रुजायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?'

"विचार की गं कस्तुरे," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या पायात गोळे आले होते, आणि शेवंताचं तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं. "विचार आणि उतर. तुझ्या आईला मी काय सांगू?"

कस्तुरीनं चिठ्ठी वाचली. मग डाव्या हातानं तिच्या चार घड्या केल्या आणि ती तोंडात टाकून चावून गिळली. लगेच ती वर गेली, आणि हात छताच्या स्लॅबला असा लागला की सिमेंटचा बारीक भुगा खाली सांडला.

"अगोचर आहे," गजरेवाली बाई म्हणाली.

"आहे खरी," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

तिसऱ्या खोलीत मॉडेल फेऱ्यांचं होतं. कच्चा पाठ घ्यायचा, कुठं अडतं ते बघायचं, तेवढं सुधारायचं, पुन्हा घ्यायचा. दर सात मिनिटांनी घंटा होत होती आणि तोच पाठ नव्यानं सुरू होत होता. अनुसयाबाईंना हे आवडलं. भाकरीसुद्धा पहिली कधी नीट येत नाही. त्या दोन फेऱ्या बघत बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की सुधारणा पाठात होत नव्हती. पाठ तोच होता. पहिल्या फेरीनंतर पोरांच्या चपला काढल्या होत्या, कारण आवाज होत होता. नंतर खिडकीकडचे डोळे काढले होते, कारण ते बाहेर बघत होते. आता चाळीस पोरं एकेका डोळ्यानं फळ्याकडे बघत होती, आणि कुणाला दुखत नव्हतं.

वैराळे साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कस्तुरीकडे बघून वहीत काहीतरी टिपलं.

"पुढच्या फेरीत हात काढू," ते म्हणाले. "हाताशिवाय कसं जमतं बघू. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या फेरीत लावू परत. बरोबर?"

अनुसयाबाईंनी ओढणी दोनदा मनगटाला गुंडाळली आणि पोरीला घेऊन सभागृहात आल्या.

तिथं आता एकही शिक्षक उरला नव्हता. एकोणचाळीस जणांनी टिक केली होती. टिक करणाऱ्याची खुर्ची घडी होऊन भिंतीत जात होती, आणि भिंत तेवढी जवळ येत होती. बाईंची खुर्ची, तक्ता आणि साहेब, एवढ्यालाच जागा उरली होती. वर कस्तुरीचा हात मनगटापर्यंत स्लॅबमध्ये शिरला होता. भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या चारी बाजूंना पसरत होत्या. त्यातून दुपारचं ऊन आत येत होतं.

"बाई, तुमची एकट्यांची टिक राहिली," मागोमाग आलेले वैराळे साहेब म्हणाले. "पाचला तक्ता वर पाठवायचाय."

"साहेब, तीनही बघितली मी. चांगली आहेत. कुणीतरी डोकं लावून केलीयत. पण एक सांगा. यात पोरानं असं काही विचारलं, जे कुणीच धरून चाललं नव्हतं, तर ते कुठल्या रकान्यात जातं?"

साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला.

"तशी तरतूद नाही," ते म्हणाले. "तशी वेळ येत नाही ना बाई. म्हणून तर मॉडेल असतं. करा टिक. पोरगी एका मिनिटात खाली येईल. कुठलंही मॉडेल घ्या, येईल."

हे खरं होतं. बाईंनाही ते कळत होतं. स्लॅबचा एक तुकडा निखळून त्यांच्या पायाशी पडला.

त्यांनी साहेबांच्या हातातला मार्कर घेतला. तक्त्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली. चौथा रकाना झाला. त्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी म्हणतील'. पुढे सवयीनं त्यांचा हात खाली गेला. एकतीस वर्षांची सवय होती. मार्करचं टोक कागदाला टेकलं, त्याचा एक ठिपका पडला.

बाईंनी हात मागे घेतला, मार्करला टोपण लावलं आणि खाली काहीच लिहिलं नाही.

"भरा ना," साहेब म्हणाले.

"नाही."

"रिकामा रकाना वर पाठवता येत नाही, बाई."

"मग नका पाठवू."

"मी भरतो. दोन शब्द तर लिहायचेत." त्यांनी खिशातून दुसरा मार्कर काढला.

अनुसयाबाई तक्त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. चार फूट दहा इंचाची बाई, चप्पल तुटलेली, कमरेला ओढणी. "एक अक्षर लिहून दाखवा," त्या म्हणाल्या. "हिच्या वाटचं आजवर मी लिहीत आले. आज ही बोलेल आणि तुम्ही लिहाल. सरळ अक्षरात."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"करा. रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत. तेवढ्यात तुमची पहिली पायरी पण व्हायची नाही."

वरून कुणीतरी श्वास घेतला.

"बाई," कस्तुरी म्हणाली. आवाज बसका होता, सहा दिवस न वापरलेला. "बी जमिनीत असतं तेव्हा अंधार असतो ना. मग त्याला कसं कळतं वर कुठं आणि खाली कुठं?"

साहेब थांबले. रकान्यात आता बोलणं आलं होतं, आणि आलेलं बोलणं लिहून घ्यावंच लागतं. ते लिहायला लागले.

"आणि पेरताना ते उलटं पडलं तर? मूळ वर येतं का? आलं तर ते परत फिरतं का? फिरतं तर त्याला कोण सांगतं? माझी आई मला सांगते, चप्पल उलटी घातली की. पण बीची आई तर लांब असते, झाडावर. आणि दोन बिया शेजारी असल्या तर एक दुसरीला विचारते का..."

बोलता बोलता ती खाली येत होती. हात स्लॅबमधून सुटला. श्वास घ्यायला थांबली की ती पुन्हा चार बोटं वर जात होती, आणि बोलायला लागली की वीतभर खाली. अनुसयाबाई ओढणी गोळा करत होत्या आणि म्हणत होत्या, "पुढे? मग पुढे काय गं?"

रकाना भरला. साहेबांनी खाली दुसरा कागद जोडला, मग तिसरा. तक्ता पूर्ण होत नव्हता आणि अपुराही राहत नव्हता, त्यामुळे तो अर्धवट दार झाला. कागदाबरोबर साहेब त्यातून बाहेर गेले, गुडघ्यांवर, लिहीत लिहीत. मागून कस्तुरी तरंगत, आणि तिच्या मागे बाई. व्हरांडा संपला. आवार संपलं. कागद रस्त्यावर आला तशी एक एसटी थांबली आणि ड्रायव्हरनं नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं.

"बाई!" साहेब ओरडले. गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर गेलं होतं. "उत्तर द्या हो तिला! उत्तर दिलं की थांबेल!"

"मला येत नाही," अनुसयाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी नोकरीत कधीच उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, मोठ्यानं, एसटीतल्या लोकांनाही ऐकू जाईल असं. "मला येत नाही उत्तर! तुम्हाला येतं का?"

साहेब लिहीत राहिले.

"...आणि पाऊस आला नाही तर बी वाट बघतं का," कस्तुरी म्हणत होती, "आणि वाट बघताना ते झोपतं का जागं असतं, आणि जागं असलं तर त्याला कंटाळा..."

रस्त्याच्या पलीकडे उतार होता आणि उताराखाली नदी. शेवटच्या कागदाचं टोक पाण्याला लागलं. साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहून मागे हात पसरत होते. "कागद! कागद द्या कुणीतरी!" कुणाकडेच कागद नव्हता. कस्तुरीच्या पायाचा अंगठा वाळूपासून बोटभर वर होता, आणि ती श्वास घ्यायला थांबली होती.

"पण बाई," ती म्हणाली.

वैराळे साहेब वाकले आणि पाण्यावर लिहायला लागले.